‘पुरे’ म्हणायची चोरी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कोतवालांना दुपारी झोपायला वेळ मिळत असे, यावरूनच ती किती जुनी आहे ते ओळखा.

एका नगरात एका बाईंची खाणावळ होती. एका वेळी साठ माणसं जेवायला बसायची आणि साठ तोंडं सुटायची. “आमटी इकडे!” “अहो, मीठ!” “बाई, भाकरी करपली!” “करपली तर दुसरी घ्या, रडता काय?” त्या गलक्याशिवाय कुणाला जेवल्यासारखं वाटतच नसे.

समोरच कोतवालाचं घर होतं. रोज त्याची झोपमोड होई. शेवटी त्याने दवंडी पिटवली, “खाणावळीत जो तोंडातून शब्द काढील, त्याला सूर्य मावळेपर्यंत चावडीपुढे ओणवं उभं केलं जाईल. मग तो राजाचा जावई का असेना!”

हुकूम पाळला जातो की नाही, हे बघायला दुसऱ्या दिवशी तो स्वतःच जेवायला बसला. सगळीकडे चिडीचूप. कोतवाल मनातल्या मनात खूश झाला.

मोठा पाहुणा म्हणून बाईंनी पुरणपोळी केली होती. आता त्या खाणावळीचा एक रिवाज होता. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला, तर तो संकोच समजायचा. तोंडाने “पुरे” म्हणेपर्यंत वाढत राहायचं. आणि पानात टाकून उठणं म्हणजे बाईंच्या हाताचा अपमान. म्हातारा वाढपी हा रिवाज जिवापलीकडे जपायचा.

तिसऱ्या पोळीनंतर कोतवालाने हात आडवा धरला. वाढप्याने तो प्रेमाने बाजूला सारून चौथी वाढली, वर तुपाची धार सोडली. पाचवीला कोतवालाने डोळे वटारले. वाढप्याला वाटलं, तूप कमी पडलं. सहावीला त्याने हात जोडले. वाढपी गहिवरला आणि त्यानेही हात जोडून सातवी वाढली.

चुलीपाशी बसलेल्या बाईंना सगळं दिसत होतं, पण हुकुमापुढे त्यांचंही काही चालेना.

कोतवालाचा कमरपट्टा तटकन तुटला. बोलावं तर अब्रू जाते, न बोलावं तर जीव जातो! तेवढ्यात आठवी पोळी पानाकडे येताना दिसली आणि तो जिवाच्या आकांताने ओरडला, “पुरे! अरे बाबा, पुरे!”

साठ माणसं एकदम खो खो हसली. हसायला हुकुमात मनाई नव्हती.

सात पुरणपोळ्या पोटात घेऊन कोतवाल चावडीपुढे ओणवा उभा राहिला. बाईंना दया आली. त्या चिमूटभर ओवा घेऊन आल्या.

“अहो, तिसरीलाच बोलला असतात, तर एवढं सोसावं लागलं नसतं.”

“हुकूम माझाच होता ना, बाई,” कोतवाल कण्हत म्हणाला.

सूर्य मावळताच त्याने दवंडी मागे घेतली. दुसऱ्या दिवशी खाणावळीत पुन्हा पहिल्यासारखा गलका सुरू झाला आणि कोतवाल कानांत कापूस घालून निमूटपणे झोपला.

तात्पर्य : जो दुसऱ्यांची तोंडं बंद करतो, त्याला वेळ आली की स्वतःचंही तोंड उघडता येत नाही.