तांबूने न दिलेला कौल

फार वर्षांपूर्वी, गावांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक वस्ती होती. तिथली रीत आज ऐकली तर हसू येईल. सुगी झाली की शेताशेतांतली ज्वारीची कणसं पाट्यांत भरून गावातल्या सर्वांत वयस्कर गाईपुढे मांडायची. ती ज्या पाटीला तोंड लावेल, त्या शेताची पद्धत पुढच्या वर्षी साऱ्या गावाने उचलायची.

त्या वर्षी कौल द्यायचा होता तांबू गाईने. तिला जन्म देऊन तिची आई मेली होती, म्हणून मालकाने तिला हाताने भरवून वाढवलं होतं.

याच मालकाने एका फिरत्या व्यापाऱ्याकडून पांढरी भुकटी घेऊन शेतात टाकली होती. त्याची कणसं दुप्पट टपोरी झाली. शेजारची म्हातारी मात्र शेणखत आणि पालापाचोळ्यावरच भागवायची. तिची कणसं बारीक होती.

तांबूने मालकाची पाटी हुंगली, फुरफुरली आणि म्हातारीच्या कणसांना तोंड लावलं. गाईनेच घरचा आहेर दिला म्हणून लोक पोट धरून हसले.

मालकाला ते झोंबलं. गाईची तब्येत बरी नाही असं सांगून त्याने दोन दिवसांनी पुन्हा कौल मागितला. ते दोन दिवस त्याने तिला काडीही घातली नाही. मग आपल्या कणसांवर गुळाचं पाणी शिंपडलं आणि एक कणीस हातात धरून तो स्वतः पाटीजवळ उभा राहिला. तांबू क्षणभर थबकली. मग तिने त्याच्या हातातलं खाल्लं.

गावाने त्याच्या गळ्यात हार घातला. म्हातारीला मात्र गाईचं खपाटीला गेलेलं पोट दिसलं. त्याला बाजूला घेऊन ती म्हणाली, “लेकरा, हिला खोटं बोलता येत नाही, म्हणून तर आपण विचारतो. तू विचारलंसच नाहीस.”

तेव्हाच त्याने खरं सांगितलं असतं, तर फार काही बिघडलं नसतं. पण गळ्यातला हार काढणं कुणाला जमतं? तो हार मिरवतच घरी गेला.

साऱ्या शेतांत पांढरी भुकटी पडू लागली, त्यामुळे कौल मागायचं कारणच उरलं नाही. पहिल्या वर्षी कणग्या भरून वाहिल्या. दुसऱ्या वर्षी जमीन कडक झाली. तिसऱ्या वर्षी पेरलेलं उगवेना. तेवढ्यात तोच व्यापारी पिवळी भुकटी घेऊन आला. काहींना ती हवी होती, काहींना म्हातारीच्या वाटेने जायचं होतं. शेवटी पुन्हा तांबूला विचारायचं ठरलं.

या वेळी मालकाने तिला पोटभर चारलं, गुळाला हात लावला नाही, आणि तो मुद्दाम लांब जाऊन उभा राहिला. एका पाटीत व्यापाऱ्याने आणलेली, पिवळ्या भुकटीवर वाढलेली कणसं होती, दुसरीत म्हातारीने जपून ठेवलेली. तांबू दोन्ही पाट्यांपाशी आली. तिने एकही हुंगली नाही. ती सरळ मालकाकडे गेली आणि त्याच्या रिकाम्या हातात तोंड खुपसून उभी राहिली. तिला तीनदा मागे नेलं. तिन्ही वेळा ती त्याच्याकडेच आली.

मालक तिच्या गळ्यात पडून रडला. त्याने सगळं कबूल केलं. कुणी त्याला बोल लावला नाही, पण पुढे कोणती पद्धत उचलायची, हेही त्या दिवशी कुणाला कळलं नाही.

जो कौल आपल्याला हवा तसा वळवून घेतो, त्याला गरजेच्या वेळी कौल मिळत नाही.