पानातले मीठ

एकदा एका संस्थानाच्या मुदपाकखान्यातला मुख्य आचारी वयोमानाप्रमाणे निवृत्त झाला. मालकांनी शालजोडी दिली, लोकांनी पाया पडून निरोप दिला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्यावर त्याला कळेना की आता करायचे काय.

सवयीने तो घरच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. सुनेने फोडणी घातली की म्हणे, "हिंग आधी." कणीक मळली की म्हणे, "सैल झाली." आमटी तर स्वतः चाखून, वर मीठ घालून मगच पानात येऊ देई. आपण मदत करतो आहोत असे त्याला मनापासून वाटे. महिन्याभरात सुनेने बोचके बांधले. "मामंजी, चूल तुम्हीच सांभाळा, मी माहेरी जाते," ती म्हणाली. मुलगा मान खाली घालून उभा होता.

आचाऱ्याला काही उमगेना. ज्या हातांची साऱ्या संस्थानाने वाखाणणी केली, ते घरच्यांना इतके जड का व्हावेत? चार दिवस थांब, असे सुनेला विनवून तो गावाबाहेरच्या मठातील वृद्ध गुरूंकडे गेला. गुरूंनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "उद्या दुपारी आमच्याकडे या."

आचाऱ्याला हायसे वाटले. निदान इथे तरी आपले काम पडले, असे समजून तो आमटी वाढायचे आपले जुने ओगराळे घेऊन हजर झाला. गुरूंनी ते त्याच्या हातातून काढून खुंटीला अडकवले आणि त्याला आपल्या शेजारच्या पाटावर बसवले. "आज आमच्या शिष्याचा स्वयंपाक आहे. त्याचा हात अजून बसायचा आहे," ते म्हणाले.

पहिल्याच घासाला आचारी उठू लागला. गुरूंनी त्याचे मनगट धरले.

"गुरुजी, आमटी अळणी आहे. आत्ता सुधारून आणतो."

"बसा, बुवा." आणि गुरूंनी आणखी आमटी मागितली.

आचारी पुरता गोंधळला. यांची चव गेली, की आपल्याला हिणवायला बोलावले? आमटी वाढणाऱ्या शिष्याचा चेहरा तर रडवेला झाला होता. गुरूंनी मात्र पानाच्या टोकाशी वाढलेले मीठ चिमटीत घेतले, भातात कालवले आणि शांतपणे विचारले, "पानात सर्वांआधी काय वाढतात?"

"मीठ."

"का?"

उभा जन्म पाने वाढण्यात घालवलेला तो माणूस अडखळला. "रीत आहे," एवढेच त्याला सुचले.

गुरू म्हणाले, "रांधणारा कितीही जाणता असला तरी त्याचा हात कधीतरी चुकणारच. म्हणून थोडे मीठ जेवणाऱ्याच्या स्वाधीन करतात. चूक पानातल्या पानात मिटावी, चुलीपर्यंत जाऊ नये. आजवर तुम्ही रांधलेत, तेव्हा तुमच्याही चुका कोणी कोणी अशाच मिटवल्या असतील. आता बसून जेवण्याची पाळी तुमची आहे."

 आचाऱ्याला एका उत्सवातली पंगत आठवली. त्या दिवशी लोक पुन्हा पुन्हा मीठ मागत होते, आणि मीठ काय पोटभर खायची वस्तू आहे, म्हणून तो वाढप्यांवर खेकसला होता. त्या दिवशी आमटीत काय घालायचे राहिले होते, ते त्याला आज कळले. शेकडो माणसे मुकाट जेवून, वर त्यालाच आशीर्वाद देऊन गेली होती. त्याचे डोळे भरून आले. समोरची आमटी त्याने भुरका मारून संपवली.

ओगराळे खुंटीवरच ठेवून तो घरी परतला. दुसऱ्या दिवशी जेवताना स्वयंपाकघराकडे फिरकला नाही. सून दाराशी उभी राहून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मागे कोपऱ्यात बोचके तसेच होते.

थोड्या वेळाने तिने आमटीत बोट बुडवून जिभेला लावले आणि ती चपापली. "मामंजी, मीठ घालायचंच राहिलं की हो. तुम्ही बोलला नाहीत?"

"पानात होतं ना," तो म्हणाला. "अजून एक वाटी वाढ."

तिने वाटी भरून वाढली. मग कोपऱ्यातले बोचके उचलून ती आत घेऊन गेली.