कोंडिबाची पुजलेली फळी

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक भोळा कोंडिबा होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, तो पोरांसमोर सांगण्यासारखा नाही. एकदा सांगितलेलं कोंडिबा जन्मात विसरत नसे. तीच तर पंचाईत होती!

घाटाचा जुना रस्ता नव्यानं गुळगुळीत झाला आणि शहरातली पोरं तिथं लाँगबोर्ड घेऊन यायला लागली. लाँगबोर्ड म्हणजे लांब फळी, खाली चार चाकं. वर उभं राहायचं आणि उतारावरून सुटायचं. हात-पाय मोडायला एवढे पैसे कशाला, असं गाव आधी म्हणालं. मग गावालाच खूळ लागलं. जत्रेत कुस्त्यांच्या जोडीला फळ्यांची शर्यत ठरली.

कोंडिबाचा जीव शेवंतावर. तिचे वडील अंतूमामा, तीस वर्षं याच घाटात ट्रक चालवलेले. ते म्हणाले, "शर्यतीत घाट धड उतरून दाखव. उतरलास तर तिथंच सुपारी फोडू, लग्न ठरलं समज. नाहीतर माझ्या पोरीला स्थळांची कमी नाही."

कोंडिबा फळी आणायला शहरात निघाला. आई म्हणाली, "वस्तू वाजवून घे रे बाबा. फसू नकोस."

दुकानदारानं ताठ, न लचकणारी फळी काढून दिली. "उतारासाठी हीच घ्या. आणि हे हेल्मेट. पट्टा असा लावायचा," म्हणत त्यानं ते स्वतःच्याच डोक्यात घातलं. कोंडिबानं नवी फळी उचलली आणि हेल्मेट वाजवून बघितलं. आवाज खणखणीत आला. दुकानदाराचाही आला.

"अरे ए शहाण्या! वाजवतोस काय? डोक्यात घालून बघायचं, घट्ट बसतं का ते!"

"चुकलं. पुढच्या खेपेला लक्षात ठेवीन."

मग गुडघ्यांची पॅडं आली. कोंडिबानं एक ओढूनताणून कानापर्यंत डोक्यात घातलं. "घट्ट बसलं. पण दुसरं कुठं घालू? डोकं एकच आहे."

तेही आहे की नाही, याची दुकानदाराला शंका होती. "अरे देवा, गुडघ्याचं गुडघ्याला बांध! आणि खाली बसून बघ. बसून बघितल्याशिवाय काही घ्यायचं नाही."

कोंडिबा लगेच फळीवर मांडी घालून बसला. दुकानापुढं उतार होता. फळी निघाली ती कोपऱ्यावरच्या भजीवाल्याच्या पिठात जाऊन थांबली. भजीवाल्यानं झारा उगारला. दुकानदार धापा टाकत आला.

"चाकांवर बसत नाहीत रे, उभं राहतात!"

"चुकलं. पुढच्या खेपेला लक्षात ठेवीन."

परतीची एसटी रिकामी होती. कोंडिबा उभा.

"बस की रे," कंडक्टर म्हणाला.

"चाकांवर बसत नाहीत," कोंडिबा म्हणाला. मग त्याला ड्रायव्हर बसलेला दिसला. बिचाऱ्याला कुणी सांगितलं नसेल, म्हणून तो त्याला उठवायला गेला. पुढचा सगळा घाट कंडक्टरनं कोंडिबाचा सदरा धरून काढला.

घरी आईनं नव्या वाहनाची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. म्हणाली, "आता ही देवासारखी. पूजा झालेल्याला पाय लागला की नमस्कार करायचा."

शर्यतीच्या दिवशी कोंडिबानं फळीवर डावा पाय ठेवला. नमस्कार केला. उजवा ठेवला. नमस्कार केला. तेवढ्यात फळी सुटली. पाय फळीवरच, म्हणून नमस्कारही चालूच! कमरेत वाकलेला, हात जोडलेले, मान खाली. वाऱ्याला अडवायला काही उरलंच नाही. शहरातली पोरं मागं पडली. "काय स्टाइल आहे राव!" असं म्हणाली. वळणं कशी घेतली ते त्या फळीलाच ठाऊक.

खाली रेघेपाशी अंतूमामा सुपारी घेऊन उभे होते. "अरे थांब, थांब!" म्हणेपर्यंत ते रस्त्यावर उताणे होते. कोंडिबाचा एक पाय फळीवर, एक मामांच्या छातीवर.

कोंडिबानं फळीवरचा पाय काढला आणि फळीला नमस्कार केला.

"गाढवा, माझ्या छातीवरचा काढ!"

तोही काढला. नमस्कार काही केला नाही.

शेवंता रडकुंडीला आली. "अरे, बाबांना पाय लागला ना? मग नमस्कार कर!"

"पण त्यांची पूजा कुठं झालीय?"

मामा रागानं लाल झाले. कंबर धरून तसेच पडून होते. पण माणूस शब्दाचा पक्का. कण्हत म्हणाले, "घाट उतरलास, कबूल. या सगळ्यांसमोर मला एक नमस्कार कर. सुपारी फोडतो."

कोंडिबाला एवढा आनंद झाला की विचारू नका. आई ओवाळायला हार-नारळासकट ताट घेऊन आली होती, ते त्यानं हिसकावून घेतलं. मामांना हळदकुंकू लावलं, गळ्यात हार घातला, उशाशी नारळ फोडला. मग हात जोडायला गेला आणि थबकला. पाय लागला की नमस्कार. आधीचा पाय तर पूजेच्या आधीचा, तो कसा चालेल?

म्हणून त्यानं अख्ख्या जत्रेसमोर मामांच्या छातीवर पुन्हा पाय ठेवला, नीट, भक्कम, आणि डोळे मिटून मनोभावे हात जोडले.

मामांनी सुपारी फेकून मारली.