चेहरे ओळखणारा अधिकारी

बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात होता, तेव्हा क्लेरबाईंनी आपल्या वर्गात तीन ज्यू मुली खोट्या नावांनी लपवल्या होत्या. एके सकाळी जर्मन अधिकाऱ्याने येऊन हजेरीपट मागितला.

"ज्यू मी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखतो," तो गुर्मीत म्हणाला.

हजेरीपट तपासला असता तर सगळं उघडं पडलं असतं. बाईंनी तो छातीशी धरला. "मग हा कशाला हवा? ओळखा की."

चिडून त्याने काळ्या केसांच्या एका मुलीला दंड धरून उठवलं. "ही ज्यू."

"ही तुम्हीच नेमलेल्या महापौरांची धाकटी," बाई म्हणाल्या. "त्यांना तुम्ही कळवता, की मी कळवू?"

अधिकारी आल्या पावली निघून गेला. बाईंनी खडू उचलला आणि त्या तिघींसकट सगळ्या वर्गाला पुढचं गणित घातलं.