पिळ्यांची लोखंडी सून

त्या राज्यात भिंतीबाहेर बुळबुळे राहत आणि भिंतीच्या आत पिळे. बुळबुळ्यांना काही करून आत यायचं असे, आणि त्यांना वेशीवर अडवायचा मान पिढ्यान्‌पिढ्या पिळ्यांचा होता. पिळे म्हणजे कडीला कडी जोडून झालेली, गोल वळणाची मऊ माणसं. बुळबुळ्यांचा अंगरखा तेलकट. त्यावरून भाला घसरे, दगड घसरे. पिळा मात्र त्यात गरगरत घुसे, भोक पाडे, आणि आतलं पाणी वाहून गेलं की बुळबुळा रिकाम्या पखालीसारखा जमिनीवर पसरे.

हे झालं आजोबांच्या काळातलं. पुढे बुळबुळ्यांनी कातऱ्या पाळल्या. कोणत्या कडीपुढे कोणती कडी आहे हे कळल्याशिवाय कातरीला सांधा सापडत नसे. ते तिला कळायची सोय पिळ्यांनी स्वतःच करून ठेवली होती. लढायला निघालेल्या पिळ्याने वेशीच्या उंबरठ्यावर थांबून आपल्या सगळ्या कड्यांची नावं, पहिलीपासून शेवटच्या कडीपर्यंत, खणखणीत आवाजात म्हणायची, असा कुळाचार होता. बाहेर कातऱ्या शांतपणे ऐकून घेत. मग पिळा बाहेर जाई आणि तुकडे आत येत. घरी चर्चा व्हायची ती उच्चारांची. पिळाजीरावांच्या थोरल्या मुलाने सतरावी कडी जरा गिळलीच, असं त्याच्या तेराव्यालाही निघालं होतं.

अशा घरात तिपेडी सून म्हणून आली. मधे लोखंड, भोवती तीन पदर, रंगाने तांबूस. वळण हुबेहूब पिळ्यांचं, हे सासरे पिळाजीरावांनीही मान्य केलं. पण म्हणून दाखवायला तिच्याकडे कड्याच नव्हत्या. लोखंड घरच्यांनाच बोचेल या काळजीने आत्याबाईंनी तिला आठ दिवस घरोघरी वारा पोचवणाऱ्या नाजूक तांबड्या पोरींमध्ये बसवलं. एकीलाही ओरखडा उठला नाही. आत्याबाईंना जरा वाईटच वाटलं. तिपेडी कमी बोलायची, आणि सासरी तो गुण धरला गेला, कारण ती काय विचार करते हे कोणी विचारलंच नव्हतं.

दोन्ही थोरले दीर तुकड्यांनी घरी आल्यावर तिच्या नवऱ्याची, वळसोजीची, पाळी आली. आदल्या दिवशी तो माजघरात नावं घोकत बसला होता.

“म्हटलीच पाहिजेत का?” तिने विचारलं.

“अगं, न म्हणता गेलो तर लोक काय म्हणतील?”

“म्हणतील ते ऐकायला तुम्ही असाल का?”

त्याला पटलं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तो पुन्हा पहिल्या कडीपासून सुरू झाला.

सकाळी घरचे सगळे ओवाळणीचं ताट शोधत असताना तिपेडी उंबरठा ओलांडून गेली. तोंडातून अक्षर काढलं नाही; काढायला होतंच काय. कातऱ्या कान लावून बसल्या होत्या. वाट पाहून कंटाळल्या आणि अंदाजाने तिच्यावर पडल्या. सांधा मिळेना, उलट त्यांचीच धार गेली. तोवर ती पहिल्या अंगरख्यात शिरली होती. दुपारपर्यंत वेशीबाहेर रिकाम्या पखालींचा खच पडला.

“वळण शेवटी आमचंच ना,” पिळाजीराव म्हणाले. आत्याबाईंनी नावं न म्हणता ओलांडलेला उंबरठा आधी धुऊन घेतला. मग तीन दिवस कुळाची सभा भरली. तिपेडीला तीत बोलावण्याचं काही कारण नव्हतं. ती चहा देत होती. बरीच घासाघीस होऊन ठरलं की विजय रंगामुळे झाला.

आठवड्याभरात बुळबुळे नव्या धारेच्या कातऱ्या घेऊन परतले. वेशीवर पिळे रांगेत उभे राहिले, अंगभर गेरू फासून. सर्वांत पुढे वळसोजी. पिळाजीराव चार पावलं मागे सरून बघत म्हणाले, “अगदी लोखंड,” आणि त्यांनी नावं सुरू करायची खूण केली. वळसोजीने छाती भरून घेतली.

तिपेडी बायकांच्या रांगेतून सरळ पुढे आली आणि तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तळव्याला गेरू लागला. खाली तो मऊच होता. पहिल्या कडीचं नाव त्याच्या तोंडातच राहिलं. भिंतीपलीकडे कातऱ्या तोंड उघडून तशाच थांबल्या होत्या.