एकोणऐंशी की एकोणनव्वद

एका राज्यात आकड्यांना हसणारा राजा होता. नाव चंद्रकेतु. मनाचा मोठा, पण जिभेला लगाम नाही. भर दरबारात आकड्यांची जादू करणाऱ्या कर्कट जादूगाराला म्हणाला, "आकडेच ना तुमचे? फोडले की फुटतात."

"मग फोड!" कर्कट म्हणाला. राजाची जागच्या जागी शिळा झाली आणि तिच्या छातीवर आकडा उमटला: सात लाख दहा हजार एकशे एकतीस.

राणी रेणुमतीनं पदर पसरला. कर्कट म्हणाला, "तीन मूळ संख्यांच्या गुणाकारातून हा आकडा झालाय. त्या शिळेला सांग, लहानीपासून मोठीपर्यंत. क्रम चुकला, तर तुझ्या सोबतीला जो मोजेल, त्याचा आवाज माझा."

मूळ संख्या म्हणजे, एक आणि ती स्वतः सोडून जिला कुणीच पुरतं भागत नाही, ती.

मोजायला होती कोण? राणीची बोलकी साळुंकी. दोघींनी शिळेवरच्या आकड्याइतके चिंचोके अंगणात ओतले आणि सारखे ढीग घालू लागल्या.

"दोन ढीग?"

"एक उरला, राणीसाहेब."

"तीन?"

"एक उरला."

"पाच?"

"पुन्हा एकच."

"मेला हट्टीच आहे!"

"राजेसाहेबांवर गेलाय," साळुंकी म्हणाली. शिळेशेजारी बसून दोघी किती हसल्या म्हणून सांगू!

एकवीस मूळ संख्या झाल्या, सात वर्षं सरली. दर खेपेला काहीतरी उरायचंच. बाविसाव्या खेपेला एकोणऐंशी ढीग घातले आणि अंगणात एकही चिंचोका जादा उरला नाही. साळुंकीनं एक ढीग मोजला. "आठ हजार नऊशे एकोणनव्वद! म्हणजे एकोणनव्वद गुणिले एकशे एक. तिन्ही सापडल्या! पण राणीसाहेब, जरा दमानं. आधी ऐंशीला एक कमी, मग नव्वदला एक कमी."

पण सात वर्षांनी दम कुठून आणायचा? कानात शेवटचा आकडाच घुमत होता. राणी शिळेकडे धावली आणि ओरडली, "एकोणनव्वद!"

संख्या खरी होती हो. फक्त पाळी तिची नव्हती.

मागे साळुंकीनं चोच उघडली. आवाज आला नाही.

राणी रडत रडत पुन्हा म्हणाली, "एकोणऐंशी. एकोणनव्वद. एकशे एक." शिळा तडकली, राजा श्वास घेत उभा राहिला. त्यानं कर्कटाची हात जोडून माफी मागितली. जादूगार वरमला, पण म्हणाला, "घेतलेला आवाज मलाही परत देता येत नाही."

राज्य पुन्हा मार्गी लागलं. राजा आता आकड्यांना हसत नाही. राणी मात्र रोज सकाळी पिंजऱ्याच्या उघड्या दाराशी ऐंशी चिंचोके मांडते आणि विचारते, "साळू, मी काय म्हणायला हवं होतं गं?"

साळुंकी एक चिंचोका चोचीत उचलते, बाजूला ठेवते, आणि राणीच्या मांडीवर येऊन बसते.