वरची माती

त्या देशात कायदा असा होता की, ज्याचे पूर्वज जमिनीत सापडतील, जमीन त्याची. राज्य बैलांचे होते. त्याआधी तीनशे वर्षे करकोच्यांची बादशाही होती. बादशाही गेली, गरीब करकोचे नदीकाठच्या मोहल्ल्यात मागे राहिले. एके दिवशी त्यांना हुकूम आला : इथले असाल तर जमिनीतून पुरावा द्या, नाहीतर मोहल्ला सोडा. आणि मोहल्ल्याच्या मैदानात उत्खनन सुरू झाले.

खणणारी साळिंदरे कामाला चोख. बैलांचे पूर्वज सर्वांत खालच्या थरात असणार, हे कुदळ मारण्याआधीच ठरले होते. म्हणून चाळणी फक्त त्या थराला लावायची, असा त्यांचा रिवाज. त्यावरचे सगळे घमेल्यांत भरून वेशीबाहेर ओतायचे. तीनशे वर्षांचा संसार, आणि त्याला नाव काय, तर वरची माती!

मुनव्वरबी नावाची म्हातारी करकोची रोज खड्ड्याच्या काठाशी उभी राही. निळ्या झिलईच्या वाडग्यांचे तुकडे तिच्या डोळ्यांदेखत घमेल्यांतून जात.

"मुकादम, तेवढं चाळा की!" शेवटी ती ओरडली. "माझ्या दादीची चूल होती तिथं. ही तिचीच भांडी!"

"मुनव्वरबी, चाळणी खाली लागते. आमचा नाइलाज आहे," साळिंदरांचा मुकादम म्हणाला. तो दुष्ट नव्हता. उन्हात उभी आहे म्हणून त्याने तिला पाणीही दिले. घमेले मात्र थांबवले नाही. असल्या भल्यांचाच जास्त संताप येतो.

अहवाल आला : 'चाळलेल्या मातीत करकोच्यांचा एकही अवशेष मिळाला नाही.' त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

मोहल्ला रिकामा केला गेला. करकोच्यांना वेशीबाहेरच्या ढिगाऱ्यावर जागा दिली. मुनव्वरबीने चुलीसाठी माती उकरली, तर निळे तुकडे, हुक्क्याच्या चिलमी, दिवे, सगळे हाती लागले. फडक्यात बांधून ती तडक दरबारात गेली आणि बैलांपुढे ते मांडले.

बैलांनी एकेक तुकडा उलटसुलट पाहिला. माल अस्सल आहे, करकोच्यांचाच आहे, हे एकमताने मान्य केले.

"सापडलं कुठं?" एवढेच विचारले.

"वेशीबाहेर, ढिगाऱ्यात. तुम्हीच तर टाकलंत!"

कारकुनाने पहिले दोन शब्द लिहून घेतले.

आठवड्याभरात साळिंदरे खांब रोवायला आली. जागा मोक्याची हवी म्हणून मुनव्वरबीची नवी चूल त्यांना काढावी लागली. खांबावर फलक चढला : 'करकोच्यांची मूळ वस्ती येथे, वेशीबाहेर होती.'